पायताण कुणी शिवलं?

कळंबच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेने चालत निघालं की पायाखाली शिंपल्यांच्या जोडीला चपला येतात. निळ्या पट्ट्यांच्या रबरी स्लिपर, खाऱ्या पाण्याने वाकडा झालेला सँडल, लहान मुलाचा एक बूट, नुसतेच फोमचे तळवे. सगळ्या एकेकट्या, जोड कुठेच नाही. पावसाळ्यातला समुद्र हे सगळं उचलून पार सुरूच्या बनापर्यंत आणून टाकतो आणि मग ते तिथेच पडून राहतं. नालासोपारा स्टेशनवरून रिक्षा मिळते, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी इथे पाय ठेवायला जागा नसते. मी मधल्या वारी गेले होते. काळसर ओल्या वाळूवर जाळी आवरणारे दोघे-तिघे, लांबवर एक घोडेवाला आणि या चपला.

एक उचलून उलटी करून पाहिली. तळव्यावर कंपनीचं नाव अजून ठळक होतं, नंबरही होता. करणाऱ्याची खूण कुठेच नव्हती आणि असणार तरी कशी? साच्यातून पडली, खोक्यात गेली. वाळूत उभ्याउभ्या मी आठवू लागले, आजवर घातलेल्या चपलांपैकी एखादी तरी कुणी केली ते मला माहीत आहे का? एकही नाही. आपण आपल्या शिंप्याचं नाव सांगतो, सोनाराचं सांगतो, मूर्तिकाराचं तर अभिमानाने सांगतो. चपला करणाऱ्याचं नाव मात्र कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही.

किनाऱ्यापासून आत वळलं की वाड्या लागतात. वसईच्या या पट्ट्यात केळी, फुलं, भाजी आणि विड्याची पानं हे जुनं वैभव. घरांच्या दाटीत ते आक्रसत चाललंय, तरी एका वाडीत पानवेली दिसल्या म्हणून आत डोकावले. "ताई, चपला बाहेर," आतून आवाज आला. पानमळ्यात वहाणा घालून शिरायचं नाही, ही पूर्वापार रीत. मी चपला कुंपणाशी काढल्या आणि भिजलेल्या थंड मातीवर उभी राहिले. वाडीतले काका म्हणाले, "देवळात जाताना काढतोच ना, तसंच हे."

खरंच, वहाण ही आपल्याकडे बाहेर ठेवायची वस्तू आहे. देवळाबाहेर, घराबाहेर, मळ्याबाहेर. त्यात वावगं काही नाही. वावगं हे, की वहाणेबरोबर ती करणाऱ्या माणसालाही आपण शतकानुशतकं बाहेरच ठेवलं. पायातली वहाण पायातच बरी, असं म्हणताना आपण कुणाला त्याची पायरी दाखवत होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

परतीच्या वाटेवर सोपाऱ्याच्या स्तूपापाशी रिक्षा थांबवली. स्थानिक लोक या जागेला बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथे उत्खनन केलं. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, सोन्याची फुलं, बुद्धमूर्ती आणि मातीच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे होते. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये कळंबच्या शेजारच्या भुईगावला नवव्याचाही सापडला. आठव्या लेखात अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे शिकारीसाठी, मौजेसाठी यात्रा करत. त्याने मात्र राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षानंतर धम्मयात्रा सुरू केली. हे लिहिलेला दगड याच किनारपट्टीवर उभा असावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

स्तूपापाशी मला विनयपिटक, म्हणजे भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ, आठवलं. त्यातल्या महावग्गात एक अख्खा विभाग चामड्यावर आणि पादत्राणांवर आहे. त्याची सुरुवात होते सोण कोळिविस नावाच्या धनाढ्य घरातल्या मुलापासून. इतका सुकुमार, की भिक्खू झाल्यावर चंक्रमण करता करता, ध्यानाच्या येरझारा घालता घालता, त्याचे तळवे फुटले आणि चालण्याची वाट रक्ताने माखली. बुद्धांनी ते पाहिलं आणि त्याला एका थराच्या वहाणा घालायची परवानगी दिली. सोण म्हणाला, मी गाड्या भरभरून सोनं सोडून आलो. आता वहाणांसाठी वेगळी सवलत घेतली तर लोक काय म्हणतील? संघातल्या सगळ्यांना मिळणार असतील तरच मी घेईन. मग ती सर्वांनाच मिळाली. पुढे अवंती-दक्षिणापथातून दुसरा एक सोण आला. आमच्याकडची जमीन काळी, खडबडीत, गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे, तिथे एका थराने भागत नाही, असं गाऱ्हाणं त्याने आपल्या गुरूंच्या वतीने मांडलं. त्या मुलखासाठी अनेक थरांच्या वहाणांना संमती मिळाली. उन्हाळ्यात काळ्या रानातून चाललेल्या कुणालाही हे गाऱ्हाणं लगेच पटेल.

पण मला सर्वांत आवडते ती मनाई केलेल्या वहाणांची यादी. निळ्याभोर नकोत, पिवळ्या नकोत, लालभडक नकोत. मेंढ्याच्या शिंगासारख्या टोकाच्या नकोत, बोकडाच्या शिंगासारख्या नकोत, विंचवाच्या नांगीसारख्या वळलेल्या नकोत. मोरपिसं शिवलेल्या नकोत. तित्तिराच्या पंखासारख्या ठिपक्यांच्या नकोत. मनाई करायची म्हणजे त्या वस्तू बाजारात होत्या. विंचवाच्या नांगीचा बाक चामड्यात आणणारा कुणीतरी होता, मोरपीस कुठे शिवलं तर शोभेल हे ठरवणारा कुणीतरी होता. दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वीचा पादत्राणांचा कलावंत आपल्याला फक्त या मनाईमधून दिसतो. पहिल्यांदा वहाण घेणाऱ्या सोणचं नाव राहिलं, बौद्ध कथांतल्या सोपाऱ्याच्या ‘पूर्ण’ या व्यापाऱ्याचं राहिलं, मेंढ्याचं शिंग चामड्यात वळवणाऱ्याचं नाही.

असा कुणी आज बसून काम करताना पाहावा, ही ओढ तिथूनच लागली. त्यासाठी महाराष्ट्रात कुठे जायचं, हे काही शोधावं लागत नाही.

नालासोपाऱ्याहून लोकलने दादर आणि दादरहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस. माटुंगा, शीव ओलांडताना धारावीचे दिवे दिसले. तिथल्या चामड्याच्या कारागिरांबरोबर सुधीर राजभर हे कलाकार काम करतात. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा आला आणि या कारागिरांच्या हाताचं काम गेलं. राजभरांनी टायरच्या टाकाऊ रबरापासून पिशव्या करायला त्यांना सोबत घेतलं. ज्या जातीच्या नावाने शिवी दिली जाते, तेच नाव त्यांनी आपल्या स्टुडिओला दिलं. हे धाडस मला मोठं वाटतं. मिरजेला जाग आली तेव्हा उजाडलं होतं. जयसिंगपूर, हातकणंगले, दोन्ही बाजूंना ऊस आणि मग कोल्हापूर.

शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनमध्ये दुकानांच्या दारांना वरपासून खालपर्यंत जोड लटकलेले असतात. चामड्याचा आणि तेलाचा मिळून एक वास गल्लीभर असतो. कापशी, पुकरी, बक्कलनाली, कचकडी. कानांची, बिनकानांची, लाल गोंड्याची, जरीची. कागल तालुक्यातल्या कापशीच्या पायताणाला तर गावाचंच नाव. दुकानदार मोकळेपणाने सगळं दाखवतात. पण हे कुणी केलं असं विचारलं की उत्तर येतं, "आपलाच कारागीर हाय की." नाव येत नाही. एका दुकानदाराने मात्र, बहुधा माझा चेहरा पाहून, पोराला हाक मारली आणि मला सुभाषनगरला पाठवलं.

घराच्या पुढच्या खोलीतच काम चालू होतं. साठीच्या पुढचे मामा पोत्यावर बसलेले, समोर दगड, बाजूला पाण्याची कुंडी. भिंतीवर बाबासाहेब आणि संत रोहिदास शेजारी शेजारी. "या की ताई, बसा. च्या घेणार न्हवं?" माझ्या होकाराची वाट न बघता मामींनी आत आधण ठेवलं.

कुंडीत भिजलेला म्हशीच्या चामड्याचा तुकडा त्यांनी काढला, दगडावर पसरला आणि अंगठ्याने दाबत दाबत सगळीकडून फिरले. पाठीचं चामडं घट्ट, त्याचा तळ करायचा. पोटाचं सैल, ते ताणतं, म्हणून ते आतल्या भरीला. डोळ्यांनी हा फरक मला अजिबात दिसला नाही. त्यांनी माझा अंगठा धरून दोन्हीकडे दाबायला लावला तेव्हा कळला. कमवायचं काम वेगळे लोक करतात. हिरडा, बाभळीची साल, चुना आणि बरेच दिवस. तसं कमावलेलं चामडं पायाला चटका देत नाही, असं मामांचं म्हणणं. पण आता बरंचसं चामडं बाहेरून, मद्रासकडून येतं. इथल्या कमावणाऱ्यांची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली, हे सांगताना त्यांचा हात थांबला होता.

मग त्यांनी रापी घेतली. रुंद, अर्धगोल धारेचं हे पातं ओढायचं नसतं, पुढे रेटायचं असतं. तळाची कड कापताना मनगट जागचं हलत नाही, चामडं फिरतं. टाचेपाशी वळण आलं की गती मंदावते, चवड्याच्या बाहेरच्या बाजूला पुन्हा वाढते. वरचा तळ आणि खालचा तळ यांच्या मध्ये कान अडकवायचे, म्हणजे पट्ट्याचा सगळा ताण शिलाईवर न येता दोन्ही थरांवर वाटला जातो. मग आरीने भोक आणि त्यातून चामड्याचीच वादी. खिळा कुठेही नाही. ओढलेली वादी सुकताना आवळते आणि थर एकमेकांना घट्ट धरतात. टाचेच्या थरांत हवा असेल तर 'विंचू' बसवायचा, मग चप्पल चालताना करकर वाजते. "पाटलाची चाहूल लागाय पायजे न्हवं," मामी हसून म्हणाल्या. त्या दाराशी बसून बकऱ्याच्या चामड्याच्या सुतळीएवढ्या बारीक पट्ट्यांची वेणी घालत होत्या. ती वेणी पट्ट्यावर बसते. नजर जाते ती तिच्यावरच, आणि ती बहुतेक घरांत बायांच्याच हातची असते. नाव मात्र कोल्हापूरचं होतं किंवा दुकानाचं. कारागिराचं जिथे नाही, तिथे कारागिराच्या बायकोचं कुठून असणार?

"मामा, डिझाईन कुठून आणता?"

"डिझाईन कसलं, नमुना." त्यांनी खिळ्याला टांगलेले पुठ्ठ्यांचे आणि पत्र्याचे आकार खाली काढले. वडिलांच्या वेळचे. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. पण बऱ्याच पुठ्ठ्यांवर पेन्सिलीच्या नव्या रेघा होत्या. एका नमुन्यात डाव्या पायाचा पट्टा उजव्यापेक्षा किंचित रुंद होता आणि वरून आणखी एक थर सुचवलेला. मी कारण विचारलं. गिऱ्हाइकं मोटारसायकल चालवतात. गिअर डाव्या पायाने वर उचलायचा, त्यामुळे डावा पट्टा आधी झिजतो. दुरुस्तीला येणाऱ्या चपला बघून बघून हे त्यांच्या ध्यानात आलं, तेव्हापासून डावा पट्टा जाड. तरीही जोड घातला की दोन्ही पाय सारखेच दिसले पाहिजेत, म्हणून उजव्याची वेणी थोडी रुंद घ्यायची.

मी त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिले. वापरणाऱ्याची अडचण त्याच्या आधी ओळखणं, साधनांच्या मर्यादेत उत्तर शोधणं आणि ते उत्तर देखणेपणात मुरवणं, हे ज्याला जमतं त्याला डिझायनर म्हणतात. संस्थांमध्ये हेच शिकवतात. पेन्सिलीच्या त्या रेघांखाली कुणाचीही सही नव्हती.

या परंपरेत एखादं नाव राहिलंच नाही असं मात्र नाही. १९२०च्या दशकात सौदागर घराण्याने जाडजूड पायताणातून एक पातळ, नाजूक, कानांचा नमुना काढला. त्याला कानवली म्हणत. मुंबईच्या जे. जे. अँड सन्स या दुकानाने तो विकायला ठेवला आणि शहरी पायांत कोल्हापुरी शिरली. आज आपण जिला कोल्हापुरी म्हणून ओळखतो, ती बरीचशी त्या कानवलीची वंशज. त्याआधी शाहू महाराजांनी संस्थानात या धंद्याला आधार दिला होता, चामडं कमावण्याची केंद्रं उघडली होती. आणि सीमेपलीकडे, अथणीकडच्या कारागिरांच्या मनात आणखी मागचं एक नाव आहे: हरळय्या. बाराव्या शतकात कल्याणला बसवेश्वरांनी या चर्मकार शरणाच्या नमस्काराला दोनदा नमस्कार केला. त्या एका जादा नमस्काराचं ओझं हरळय्याला सोसवेना. म्हणून त्याने आणि त्याच्या पत्नीने, कल्याणम्माने, आपापल्या मांडीची कातडी काढून बसवण्णांसाठी पायताण केलं. बसवण्णांनी ते पायात घातलं नाही, डोक्याला लावलं. पुढे हरळय्याचा मुलगा आणि मधुवरस या ब्राह्मण शरणाची मुलगी यांचं लग्न झालं आणि त्यापायी दोन्ही बापांना जीव गमवावा लागला. दंतकथा किती आणि इतिहास किती, हे वेगळं करणं माझं काम नाही. त्या कथेत पायताण करणाऱ्या नवराबायकोची, दोघांचीही, नावं आहेत. मला तेवढं पुरेसं आहे.

मामांना मी मिलानबद्दल विचारलं. त्यांनी मोबाइलवर फोटो काढून समोर धरला, त्यांच्या नातवाने जपून ठेवलेला. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या कपड्यांच्या शोमध्ये मॉडेल कोल्हापुरीसारखे सँडल घालून आले. कोल्हापूरचा उल्लेख कुठेच नव्हता. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिलं, लोक चिडले, मग कंपनीने भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली. जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापूरला येऊन गेली. डिसेंबरात महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकार या दोन चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: २,००० जोड इथेच करून घेणार, किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या पुढे. "अंगठा बघा," मामा बोटाने फोटो मोठा करत म्हणाले. "ह्यो कुठला हाय ते आमच्या बारक्या पोराला बी कळतंय." आवाजात राग नव्हता. पण मला राग आला होता आणि तो अजून आहे. कारण २०१९ पासून कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांसाठी. कायद्याने मुलखाचं नाव राखलं. ते हवंच होतं. पण कुणी केलं हा प्रश्न तिथेही मुलखापाशीच थांबतो.

आता लिडकॉमने चपलेला क्यूआर कोड द्यायचं सुरू केलं आहे. मोबाइल धरला की ती कुणी केली, कुठल्या जिल्ह्यात, कशी, हे दिसावं अशी योजना. नक्कल थांबवण्यासाठी म्हणून ती आणली असली, तरी माझ्या लेखी तिचं मोल वेगळं आहे. गिऱ्हाईक मोबाइल धरेल आणि समोर माणसाचं नाव येईल. तिथे दोन नावांची जागा असावी, एवढंच माझं मागणं. वेणी घालणाऱ्या हाताचंही नाव यावं.

"तुमच्या हातची चप्पल बाजारात पडली तर ओळखाल?" मी विचारलं.

"न्हाई वळखायला काय झालं? आपली शिलाई हाय." त्यांनी कोपऱ्यात दुरुस्तीला आलेल्या ढिगातून एक जुनी चप्पल उचलली, तळव्याची कड नखाने चाचपली. "ही माजी." दुसरी घेतली. "ही माज्या भावाची. त्यो वादी डावीकडनं वढायचा." भाऊ वारून बरीच वर्षं झाली होती. चप्पल अजून कुणाच्या तरी पायात होती.

मग त्यांनी माझ्यासमोर वहीचं पान ठेवलं. मी त्यावर पाय ठेवला आणि त्यांनी पेन्सिल उभी धरून भोवती फिरवली. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे, हे त्यांनी न बोलता टिपलं आणि तिथे रेघ थोडी पुढे घेतली. बाहेरच्या बाजूला माझं वजन जास्त पडतं, ते त्यांना माझ्या पायातल्या जोडाच्या झिजण्यावरून आधीच कळलं होतं. कान हवेत, गोंडा नको, विंचू नको, रंग चामड्याचाच. मामींनी वेणीचे तीन प्रकार दाखवले, त्यातली सगळ्यात बारीक मी निवडली. तिला वेळ लागेल, त्या म्हणाल्या. लागू दे, मी म्हटलं.

किंमत त्यांनी हिशेब करून सांगितली. चामडं इतकं, अस्तर इतकं, पॉलिश इतकं, मामींचा दिवस, आपले दिवस. दुकानाच्या भावाहून ती थोडीशीच जास्त होती, त्यामुळे मधे काहीच न गळताही किती थोडं त्यांच्या हाती पडतं याचा अंदाज आला. मी घासाघीस केली नाही. नव्या चपलेला पहिले काही दिवस रात्री खोबरेल तेल पाजायचं, ऊन दाखवायचं नाही, ओली झाली तर सावलीत वाळवायची, चावली तर ठोकून घ्यायला परत आणायची, हे सगळं त्यांनी दोनदा बजावलं.

निघताना विचारलं, आणखी दोन जोड सांगायचे असतील तर कधी येऊ? "मे सरायच्या आत या," मामा म्हणाले. "पावसात चामडं वाळत न्हाई, काम बंद असतंय. तवा आमी गवंड्याच्या हाताखाली जातो."